भिंतीवरच्या कागदात आमचं घर

मी शिकलो चौथीपर्यंत. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचतो. त्यामुळं शाळेच्या व्हरांड्यात लावलेलं पोरांचं वर्तमानपत्र वाचायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात माझ्या मागं तिघे-चौघे उभे राहून वाचून गेले. जाताना कोणी काही बोललं नाही, यावरूनच मला कळायला पाहिजे होतं.

वर्तमानपत्र म्हणजे छापलेलं नव्हे. दोन मोठे पांढरे कागद, त्यावर पोरांनी स्केचपेननं लिहिलेलं. शाळेत नव्या आलेल्या बाईंनी ते सुरू केलं होतं. बाई रोज पूर्ण्याहून सकाळच्या गाडीनं परभणी आणि तिथून जीपनं आमच्या गावाला, जिंतूर रोडला यायच्या. महिन्याला एक अंक निघायचा. आधीच्या अंकात झाडं लावा, पाणी जपून वापरा, असलं असायचं, ते गावात कोणी वाचत नव्हतं. हा अंक बोलण्यावर होता. आपण घरात, रानात, हॉटेलावर दुसऱ्याला त्याच्या जातीवरून काय काय बोलतो, हे नववीच्या पोरांनी आपल्या कानानं ऐकलेलं तेवढंच लिहायचं. बाईंनी अटी दोन घातल्या होत्या. कुणाचं नाव लिहायचं नाही. आणि तो शब्दही लिहायचा नाही, त्याच्या जागी नुसती चौकट काढायची.

तर सगळा कागद चौकटींनी भरला होता. एकानं लिहिलं होतं, माझे काका ट्रॅक्टर धुणाऱ्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, चौकट म्हणतात, आणि तो माणूस काकांपेक्षा मोठा आहे. एकीनं लिहिलं होतं, माझा लहान भाऊ अंघोळ करत नाही तेव्हा आई त्याला चौकट म्हणते. चौकट रिकामी होती, पण गावात असा एक माणूस नव्हता की ज्याला ती वाचता आली नसती.

खाली डाव्या कोपऱ्यात जे होतं त्याचं अक्षर मी ओळखलं. आमच्या किराण्याच्या यादीवर तेच अक्षर असतं. माझ्या नातीचं.

"एका घरात आजी आजारी होती. तिचं सगळं करायला एक मावशी यायची. एक दिवस आजीला ठसका लागला. जवळचा तांब्या रिकामा होता म्हणून मावशीनं स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी आणलं आणि आजीला पाजलं. आजोबांनी ते पाहिलं आणि मावशीला (चौकट) म्हणाले. आजीला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्या दिवसापासून आजीनं आजोबांच्या हातचं पाणी घेतलं नाही."

माझं बोट त्या शेवटच्या ओळीवर राहिलं. मग मी चष्मा खिशात घातला.

आता हे काय होतं ते सांगतो. माझ्या बायकोला मागच्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. ऐकू मात्र सगळं येत होतं, डोळ्यावरून कळायचं. सून रानात जायची, पोरगा जिंतूरला खताच्या दुकानावर. घाण काढायला, कूस बदलायला बाई पाहिजे होती. आमच्या भावकीतली एकही यायला तयार झाली नाही. मग पलीकडच्या वस्तीतली एक आली, पन्नाशीची. आमच्या आणि तिच्या जातीत जे अंतर गावानं ठेवलंय ते मीही जन्मभर ठेवलं, खोटं कशाला सांगू. तिनं बाहेरच्या खोलीत यायचं, बायकोला धुवायचं-पुसायचं, पाणी सुनेनं तांब्यात भरून उंबऱ्यापाशी ठेवायचं, आतल्या घरात तिनं पाऊल टाकायचं नाही. हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला होता. सून रानात, तांब्या रिकामा. मी ओट्यावरून आत आलो तर ती बाई आतल्या घरातून फुलपात्र भरून घेऊन येत होती. माझ्या तोंडातून तो शब्द निघाला. विचार करून निघाला नाही. बापाच्या तोंडात होता, आज्याच्या तोंडात होता, माझ्या तोंडात तयारच होता. बाईनं आधी माझ्या बायकोला सगळं पाणी पाजलं, पदरानं तिचं तोंड पुसलं, फुलपात्र खाली ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर परत आली. मला वाटलं, झालं, मिटलं. नात दाराशी दप्तर घेऊन उभी होती, ते मी पाहिलंच नाही.

आणि त्यानंतर मी चमच्यानं पाणी पाजायला गेलो की बायको ओठ मिटायची. मी म्हणायचो, दुखणं आता गळ्यात उतरलं. परभणीचे डॉक्टरही म्हणाले होते की गिळायला त्रास होईल. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. बाई तिला पाणी पाजायची तेव्हा मी खोलीत थांबत नव्हतो. संक्रांतीच्या आठ दिवस आधी बायको गेली.

अंक लागला तो तिच्या जाण्यानंतर दोन महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. म्हटलं, हेडमास्तरांना सांगून कागद काढायला लावू. तर तिथं आधीच चौघं बसलेले. मी दाराशी टेकलो.

"सर, मपल्या घरचं भितीवर टांगायला शाळा काढलीय का तुमी?" पहिला म्हणत होता.

हेडमास्तर म्हणाले, "तुमचं नाव कुठाय त्यात?"

"नाव नसलं म्हून काय झालं? आमच्या आईचं दुखणं साऱ्या गावाला म्हाईत हाय."

दुसरा म्हणाला, "तुमचं काहून आसंल? ते आमचं लिहिलंय. आमची म्हातारी सहा महिने खाटंवर व्हती."

"ओ, थांबा जरा," तिसरा म्हणाला. "ठसका आमच्या म्हातारीला लागला व्हता."

"आन् माठ कुनाचा?" चौथा म्हणाला. "फुटला तवा मीच फेकून दिला की तो माठ!"

हेडमास्तरांनी चौघांकडं एकेक करून पाहिलं. "म्हणजे हे चार घरांत झालंय?"

मग पहिला म्हणाला, "झालंय आसं कोन म्हनलं? लिहिलंय म्हनलो मी."

मी गप बसलो असतो तर गोष्ट तिथंच विरली असती. चार जणांत वाटली गेली असती. पण माझ्या बायकोचं मरण लोक आपलं म्हणून सांगू लागले, ते मला सहन झालं नाही. मी दारातूनच बोललो, "तुमच्या कुनाचं न्हाई ते. माझ्या घरचं हाय. नातीनं लिहिलंय."

चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एका दमात सगळे मोकळे झाले. ज्यानं माठ फेकला होता तो उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "आबा, पोरीला लय मोकळं सोडलं तुमी. बसा, बसा."

ते गेल्यावर मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, त्या दिवशी काय झालं ते सांगतो."

ते म्हणाले, "आबा, खरं-खोटं मला सांगू नका. ऐकलं की मला काहीतरी करावं लागंल. मला हे मिटवायचंय."

मिटवायचं माझ्या पोरालाही होतं. तो शाळेच्या कमिटीवर आहे. घरी येऊन तो पोरीवर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. थंड आवाजात मला म्हणाला, "आबा, उद्या कुनी हा कागद घेऊन ठाण्यात गेलं तर केस तुमच्यावर व्हती. या वयात. कळायलंय का काही?"

दोन दिवसांनी हेडमास्तरांच्या खोलीत बसलो. हेडमास्तर, बाई, माझा पोरगा, मी आणि नात. नात उभी होती. हेडमास्तरांनी कागद तयार ठेवला होता, टाइप केलेला. वाचून दाखवला: सदर मजकूर पूर्णतः काल्पनिक असून गावातील कोणत्याही घराशी त्याचा संबंध नाही, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.

नातीनं विचारलं, "काल्पनिक म्हणजे मनानं रचलेलं ना सर?"

"हो."

"मी मनानं न्हाई रचलं."

पोरगा म्हणाला, "ए, उलटं बोलू नको. सही कर आन् वर्गात जा."

बाई म्हणाल्या, "सर, पोरांनी नाव लिहिलं नाही, शब्द लिहिला नाही. अजून काय करायला पाहिजे होतं त्यांनी?"

"काहीच करायचं नव्हतं, बाई," हेडमास्तर म्हणाले. "मी तेच म्हणतोय. झाडांवर लिहा, पाण्यावर लिहा. कुणी अडवलंय का?"

नात माझ्याकडं वळली. तिचे डोळे आजीसारखे आहेत, मोठे आणि जरा बाहेर आलेले. म्हणाली, "आबा, तुमी सांगा. मी खोटं लिहिलं का? तुमी खोटं म्हना, मी करते सही."

त्या शब्दाचं मला त्या वेळी काही वाटत नव्हतं, हे सांगून ठेवतो. बोललो होतो, बोललो होतो. गाव बोलतं. केसचीही एवढी भीती नव्हती, माझं आता राहिलंय काय. पण मी खरं हाय म्हणालो असतो तर शेवटची ओळसुद्धा खरी झाली असती. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईनं मरताना माझ्या हातचा थेंब नाकारला, हे मला त्या खोलीत, पोरासमोर, मान्य करावं लागलं असतं.

मी म्हणालो, "खोटं हाय."

बाईंनी खिडकीकडं पाहिलं. नातीनं पेन घेतलं आणि सही केली, पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट, खाली रेघ मारून. परीक्षेच्या पेपरवर करतात तशी. पेन टेबलावर ठेवून वर्गात गेली. व्हरांड्यातले दोन्ही कागद बाईंनी स्वतः काढले. त्यानंतर अंक निघाला नाही.

घरी नात माझं सगळं करायची. ताट वाढायची, पाणी तापवायची, चष्मा सापडला नाही तर शोधून द्यायची. फक्त बोलायची नाही. सून एकदा म्हणाली, "आगं, आबा काय इचारायलेत?" तर तिनं उत्तर सुनेकडं बघून दिलं. शाळेतल्या पोरी तिला काल्पनिक म्हणू लागल्या. मी एकदा चक्कीवर दळण घेऊन उभा होतो तर समोरून ती येत होती आणि मागून एकजण ओरडली, "काल्पनिक, ए काल्पनिक, गृहपाठ खरा केलास का रचला?" ती थांबली नाही. माझ्यासमोरून तशीच गेली. मला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारू.

जूनमध्ये ती मामाकडं मानवतला गेली. दहावीचं वर्ष, तिकडं क्लास चांगले, असं पोरानं भावकीत सांगितलं. पिशव्या तिनंच भरल्या. एसटीत बसताना आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली, माझ्याही पडली. पायाला हात लागला एवढंच.

घर असं रिकामं झालं की भिंतीवर टांगलेल्या बायकोच्या फोटोकडं बघायचंही मी टाळू लागलो. जेवण उतरेना. डोक्यात एकच घोळायचं: दुखण्यानं ओठ मिटायची, का माझ्यावर मिटायची? हे सांगू शकेल असं एकच माणूस गावात होतं.

मी पलीकडच्या वस्तीत गेलो. सत्तर वर्षांत तिथल्या कोणाच्या दारात मी उभा राहिलो नव्हतो. लग्नाची पत्रिकाही पोराच्या हातून पाठवायचो. बाई ओसरीत गहू निवडत होती. सुपातून मान वर केली.

"मालक? इकडं कुनीकडं?"

मी उभाच.

"बसा म्हनू का नको, ते तुमीच सांगा," ती म्हणाली. तोंडावर हसू नव्हतं.

मी बसलो नाही. विचारलं, "ती तुझ्या हातून पाणी पेयाची का?"

"कोन? आक्का?" माझ्या बायकोला ती आक्का म्हणायची. "पेयाची की. चमच्याचमच्यानं, पन पेयाची."

"त्या दिवसानंतर बी?"

"गेली त्या दिवशी सकाळी बी. अर्धं फुलपात्र."

"मग माझ्या हातून..."

"ते मला काय इचारता? तोंड तिचं व्हतं." तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "माझ्या सुनंनं मला वाचून दाखवलं व्हतं पोरीनं लिहिलेलं. समदं खरं व्हतं. मग आयकलं की तुमी खोटं म्हनलाव. मी काई बोलले का? न्हाई." आणि मग म्हणाली, "मालक, मला जे बोललाव त्याचं एकदा बी तोंडातून काढलं न्हाई तुमी. आज इतक्या लांबून आलाव ते बी पान्याचं इचारायला."

मला तिथंच बोलायला पाहिजे होतं. चुकलं म्हणायला काय लागतं? पण माझ्या तोंडाला ती सवय नाही. तिच्यासारखीला तर नाहीच नाही. मी तसाच वळलो. मागून तिचं सूप परत हलायला लागलं, तो आवाज वस्तीच्या टोकापर्यंत येत होता.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा असतो, सगळं गाव जमतं. आमच्याकडं रीत अशी की घरातलं कोणी गेलं असलं तर त्या वर्षी झेंड्याच्या वेळी उठून त्याच्या नावानं शाळेला काही द्यायचं. कोणी पंखा देतं, कोणी पाण्याची टाकी. म्हणून मी उठलो आणि मला बोलायचंय म्हणालो, तेव्हा हेडमास्तर हसतच माइक घेऊन आले. "आबा आजींच्या स्मरणार्थ काही जाहीर करणार आहेत," असं त्यांनीच आधी सांगून टाकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला भाषण येत नाही. जे आलं ते बोललो. "माझ्या नातीनं भितीवर लिहिलं ते खरं व्हतं. खोटं मी बोललो. जिनं माझ्या बायकोचं समदं काढलं तिला मी जातीवरून घाण बोललो, ते माझं चुकलं. माझी बायको माझ्या हातचं पानी न पेता गेली. पोरगी खोटी न्हाई. तिची सही खोटी हाय."

पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. बाई पोरांच्या ओळीत उभ्या होत्या, त्यांनी मान वर केली, मग हेडमास्तरांकडं पाहून खाली घातली. हेडमास्तरांनी माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला, लहान पोराच्या हातातून काच काढून घ्यावी तसा. म्हणाले, "आबांचं दुःख आपण सगळे समजू शकतो." आणि लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, पंख्याचं राहिलं की!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या, काही रडत होत्या. ज्या बाईबद्दल बोललो ती आलीच नव्हती. तिला कोणी सांगितलं का नाही, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात पोरगा मला परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, चांगले बोलले. विचारलं, झोप लागते का, भूक लागते का, घरात इतक्यात कोणी गेलंय का. पोरगाच उत्तरं देत होता. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी जे बोललो ते खरं हाय." ते म्हणाले, "हो आबा, तुम्हाला तसं वाटणं स्वाभाविक आहे." गोळ्या लिहून दिल्या, रात्रीची एक, सकाळची अर्धी. आता गावात मी कुठं थांबलो की लोक मऊ आवाजात बोलतात. म्हातारी गेल्यापासून आबांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं एकमेकांना सांगतात. त्या चौघांतला एकजण तर मला रोज ओट्यावरून हात करतो.

मानवतहून फोन आला. सुनेच्या फोनवर. सुनेनं माझ्या कानाला लावला.

"आबा, बोललाव म्हनं तुमी. झेंड्याला."

किती महिन्यांनी तिनं मला आबा म्हटलं होतं. मी म्हणालो, "बोललो."

"मग?"

"मग काय. दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू केल्यात."

ती म्हणाली, "मला काल्पनिक केलं आन् तुमाला येडं." हसली का काय, मला कळलं नाही. "आबा, माझी सही केलेला तो कागद सरांच्या कपाटात हाय ना अजून?"

"आसंल की."

"तो काढून आना. मग मी येते." आणि फोन मामाच्या पोरीकडं दिला.

मी हेडमास्तरांकडं गेलो. म्हणाले, कागद दप्तरी जमा झालाय, तसा काढता येत नाही. मी म्हटलं, मग माझा एक लिहून घ्या, नात खरी, मी खोटा, खाली मी सही करतो. मला माझी सही येते. ते म्हणाले, बघू. पुढच्या सोमवारी गेलो, मीटिंग होती. त्याच्या पुढच्या सोमवारी गेलो, साहेब आले होते. आता दर सोमवारी प्रार्थना झाली की मी जातो, त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतो. ते बाहेर आले की थांबतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "आबा, गोळ्या चालू हायत ना?"

मी सांगतो, "कागद द्या."

ते म्हणतात, "घेत जा वेळेवर," आणि वर्गावर जातात.

शाळा सुटेपर्यंत मी बाकावरच बसतो.